पाणी कुठे मुरते

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी म्हण आहे. ऋषींविषयी माझे काही म्हणणे नाही. नदीचे मूळ मात्र विचारल्यावाचून राहवत नाही. भर पावसात हा प्रश्न पडतच नाही. पाऊस थांबून कित्येक आठवडे उलटलेले असतात, आकाशात ढगाचा ठिपकाही नसतो आणि तरीही पुलाखालून पाणी वाहतच असते, तेव्हा तो पडतो.

एवढ्या पाण्याला नुसता पाऊस पुरेल, हे शतकानुशतके भल्याभल्यांना पटले नव्हते. समुद्राचे पाणी जमिनीच्या पोटातील वाटांनी डोंगरांपर्यंत चढते आणि जाता जाता त्यातील मीठ गाळले जाते, असे अनेक जण मानत. ॲरिस्टॉटलच्या मते डोंगरांतील थंड पोकळ्यांत हवेचे पाणी होऊन झऱ्यांना भर पडत असे. या वादात पहिला हिशेब मांडला तो पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थाने, आणि तो पूर्वी पॅरिसमध्ये करवसुलीचा अधिकारी होता याचे मला मुळीच नवल वाटत नाही. सीन नदीच्या उगमाकडील पाणलोटात वर्षभरात किती पाऊस पडतो आणि नदी किती पाणी वाहून नेते, याचा जमाखर्च त्याने 1674 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा जमेची बाजू खर्चाच्या सुमारे सहापट निघाली. गंमत अशी की, पाऊस जमिनीत खोलवर मुरतो हे खुद्द पेरोला मान्य नव्हते. ते दाखवले एदम मारिओत याने. पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात झिरपणारे पाणी पावसाबरोबर वाढते आणि घटते, हे त्याने नोंदवले होते.

‘इथे कुठेतरी पाणी मुरते आहे,’ असे आपण संशयाने म्हणतो. नदीच्या बाबतीत तो संशय शब्दशः खरा आहे. पावसाचा काही भाग उताराने थेट ओढ्यात जातो, बराचसा झाडे आणि ऊन परत घेतात, आणि उरलेला माती-खडकांच्या फटींतून खाली उतरतो. भूजलाची पातळी नदीच्या पात्राहून उंच असली, की हे पाणी काठांतून आणि तळातून पात्रात पाझरत राहते. बर्फाच्छादित पर्वतांत हेच साठवणीचे काम बर्फ आणि हिमनद्या करतात. म्हणून नकाशावर एका ठिपक्याने दाखवलेला उगम मला नेहमी थोडा लबाड वाटतो, कारण पाणलोटाची सगळी जमीनच थेंबाथेंबाने नदी होत असते.

त्याहून चकित करणारी गोष्ट पुराची आहे. पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचे, म्हणजे त्याच्याच थोड्या अधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण दर सरीगणिक बदलते, त्यामुळे नदीतील पाणी आजच्या सरीचे की जुने, हे ओळखता येते. अशा मोजणीतून दमट हवेच्या प्रदेशांतील कित्येक लहान, जंगली पाणलोटांमध्ये असे आढळले, की मुसळधार पावसानंतर ओढ्याला येणाऱ्या लोंढ्यात निम्म्याहून अधिक पाणी आधीपासून जमिनीत मुरलेले असते. नवा पाऊस जमिनीत शिरतो आणि जुन्याला बाहेर ढकलतो. डोळ्यांदेखत कोसळलेली सर अशा वेळी बहुतांशी मातीतच थांबलेली असते, आणि काठ ओलांडून गढूळ होऊन धावते ते मागच्या कधीतरीच्या पावसाचे पाणी.