मागच्या खेपेची नोंद सापडेना: माझा अनुभव

धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब पाहतो. वजनकाट्यावरचा, डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली असलेला संगणक एप्रिलअखेर भर दुपारी आपोआप बंद पडू लागला. काट्यावरच्या गड्याचे उत्तर ठरलेले असे, “लाइट गई व्हई, भाऊ.” शेजारचा प्रिंटर मात्र चालूच असे.

जुन्या सवयीने मी सिसलॉगची, म्हणजे यंत्रावरच्या घडामोडींच्या नोंदींची फाइल शोधली. ती नव्हतीच, कारण डेबियन 12 मध्ये ती फाइल लिहिणारा आरसिसलॉग हा प्रोग्रॅम मुळात बसवलेला नसतो आणि नोंदी सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या जर्नलमध्ये जातात. म्हणून आधीच्या खेपेची, म्हणजे यंत्र मागच्या वेळी सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंतची नोंद दाखवणारी ‘जर्नलसीटीएल -बी -1’ ही आज्ञा दिली, तर कायमस्वरूपी जर्नलच नसल्याचे उत्तर आले.

इथे माझे पाच दिवस गेले. परवानगी कमी पडत असेल, असे वाटून प्रशासकाचे अधिकार देणारे ‘सुडो’ लावून पाहिले, उत्तर तेच. अखेर मॅन्युअल वाचल्यावर उलगडा झाला. जर्नलची साठवण ‘ऑटो’वर असते, म्हणजे ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर असेल तरच नोंदी डिस्कवर राहतात, नाहीतर त्या ‘/रन’मध्ये, म्हणजे मेमरीत लिहिल्या जातात आणि यंत्र बंद होताच पुसल्या जातात. डेबियन हे फोल्डर स्वतः करून देते. आमच्या यंत्रावरचे मात्र देखभालीला आलेल्या कोणीतरी जागा मोकळी करण्यासाठी उडवले होते. त्याचा राग अजून गेलेला नाही. जागाच हवी होती, तर त्याच आज्ञेला ‘--व्हॅक्यूम-साइज’ देऊन जुन्या नोंदी छाटता आल्या असत्या.

फोल्डर पुन्हा केले, जर्नल लिहिणारी जर्नलडी सेवा नव्याने सुरू केली आणि ज्या बिघाडाला कंटाळलो होतो त्याचीच वाट पाहत बसलो. दोन दिवस यंत्र शहाण्यासारखे चालले. तिसऱ्या दिवशी सव्वातीनला बंद पडले आणि त्या खेपेच्या शेवटच्या ओळींत कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची नोंद मिळाली: तापमान धोक्याच्या मर्यादेला पोहोचले, यंत्र बंद करीत आहे.

सांगायचे राहिले, नोंदी शेवटाकडून वाचाव्यात. आज्ञेला ‘-ई’ लावले की थेट शेवटाला पोहोचता येते. मी पहिल्या दिवशी वरून वाचत बसलो होतो.

कॅबिनेट उघडले, तर प्रोसेसरच्या पंख्यावर कापसाची गादीच बसली होती. गड्याने त्यातला पुंजका चिमटीत ओढून पाहिला आणि म्हणाला, धागा आखूड आहे, भाव यायचा नाही.