जुलैतलं टेन्शन नेमकं कुठून येतंय

२४ जुलै, रात्री साडेदहा

दातांच्या डॉक्टरनी विचारलं, रात्री दात खाता का हो? मी म्हटलं छे. तर म्हणाले, दाढा झिजल्यात, जबडा धरलाय, बघा जरा घरच्यांना विचारून. घरी विचारलं तर नवरा म्हणतो, कधीपासनं करकर चाललीय, मला वाटलं तुला माहितीय!

तेव्हापासनं जरा स्वतःवर लक्ष ठेवतेय. मला कुणी विचारलं टेन्शन आहे का, तर मी नाहीच म्हणणार. घरात कुणी आजारी नाही, हप्ते वेळेवर जातायत, पोराची शाळा बरी चाललीय. मग कसलं टेन्शन?

पण जुलै म्हणजे आमच्याकडं (टॅक्सचं ऑफिस) काय असतं ते ज्याचं त्यालाच माहिती. ७ तारखेला टीडीएस (आधीच कापून घेतलेला टॅक्स) भरायचा, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न, २० ला त्याचंच ३बी, आणि ३१ ला इन्कम टॅक्सचे रिटर्न प्लस टीडीएसचं तिमाही रिटर्न, आणि निम्मी लोकं फॉर्म १६ (पगार-टॅक्सचा दाखला) घेऊन येणार २९ ला, वर विचारणार "झालं का मॅडम?" त्यात परत पोर्टल. काल ओटीपी गेला एका काकांच्या मोबाईलवर, काका रानात, मागं ट्रॅक्टरचा आवाज, "थांबा की ओ, चष्मा नाय जवळ" म्हणून ते कुणाला तरी हाका मारतायत, इकडं स्क्रीनवर सेकंद उलटे पळतायत आणि मी श्वासच रोखून बसलेय. पोट आत ओढलेलं, खांदे पार कानापर्यंत. ओटीपी पडला तेव्हा एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या टेबलावरची म्हणाली, तू दिवसभर असंच करतीस गं. मला पत्ताच नाही!

कामाचं झालं ते झालं, पण आपण राहतो सांगलीत, तेही गावभागात, कृष्णेच्या पुराच्या पट्ट्यात. बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, इथं जुलै-ऑगस्टमध्ये कुणी "काय चाललंय" विचारत नाही, "किती फूट?" विचारतात. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ. आणि गंमत अशी की इथं छान ऊन पडलेलं असतं, लोकं टेरेसवर कपडे वाळत घालतात आणि पाणी मात्र चढत असतं, कारण पाऊस तिकडं वर घाटात, महाबळेश्वर-नवजाला झालेला असतो. माझ्या चिडचिडीचं पण तसंच आहे असं आज वाटलं. पाऊस पडतो एकीकडं आणि फुगवटा दिसतो दुसरीकडं. परवा पोरावर ओरडले ते त्यानं डबा धुवायला टाकला नाही म्हणून, पण त्याच्या पाच मिनिटं आधी मी मोबाईलवर कोयना धरणातनं सोडायचं पाणी (विसर्ग) वाढवणार असा मेसेज वाचला होता. डब्याचा काय संबंध?

सगळ्यांचं सारखं पण नसतं. आईंना (सासूबाई) टेन्शन आलं की त्यांचं पोट बिघडतं, मग जेवायलाच नको म्हणतात. त्यामागं पण कारण आहे म्हणे, धोका वाटला की शरीर पचन बाजूला ठेवतं आणि सगळा जोर हातापायांकडं लावतं. नवरा गप्प होतो, नुसता मोबाईल वर-खाली करत बसतो. आणि बाबा (सासरे)? २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तळमजला गेला, घराची कागदपत्रं भिजली, त्यानंतर दर जूनला ते सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवतात, पिशवीला दोन रबर, वर पेनानं नाव. रोज संध्याकाळी पुलावर जाऊन पाणी बघून येतात. घरी आले की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं किती सोडलंय त्याच्यावर चर्चा. त्यांना म्हणा बाबा तुम्हाला टेन्शन आलंय, चिडतीलच, म्हणतील मी फक्त व्यवस्थित वागतोय.

१९६७ साली होम्स आणि राहे म्हणून दोन डॉक्टरांनी ताण देणाऱ्या ४३ घटनांची यादी केलीय. जोडीदार जाणं १००, लग्न ५०, सुट्टीवर जाण्याला सुद्धा १३ मार्क! मी मार्क घालून बघितले तर अगदीच किरकोळ आले. पण त्यात "पाणी येणार की नाही कळत नाही" याला मार्कच नाहीत. खरंतर पाणी आलं तेव्हा आम्ही बरे होतो, सामान वर, आई-बाबा मिरजेला नणंदेकडं, कामच इतकं होतं. वाट बघणंच वाईट. नंतरच्या अभ्यासांत रोजच्या बारक्या कटकटींचा त्रास मोठ्या घटनांपेक्षा जास्त दिसलाय म्हणे, ते मला लगेच पटलं.

एक मात्र लिहून ठेवते. छातीत दुखलं, हात भरून आला तर "टेन्शन असंल" म्हणून घरी बसायचं नाही, आधी ईसीजी. आणि झोप उडाली, कशात मनच लागेना, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर सरळ डॉक्टरकडं जायचं, नाहीतर १४४१६ ला फोन, सरकारचं टेलीमानस आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. यात लाजायचं काय?

आज जेवताना नवऱ्याशी वाटणी केली. पाण्याचं त्यानं बघायचं, ३१ तारखेचं मी. विसर्गाचे मेसेज येतात ते मोबाईलवरचे दोन्ही ग्रुप मी म्यूट केलेत, ४० च्या वर गेलं तरच मला सांगायचं. तो म्हणाला आणि रात्रीत वाढलं तर? म्हटलं तर उठव की. बाबांना या वाटणीत घ्यायचं नाही असं ठरलंय, त्यांना पुलावर जायचंय तर जाऊ दे, फक्त जाताना छत्री न्यावी, कालपण तसेच गेले आणि भिजून आले.