तब्येत बिघडलेले प्रेक्षक

आमच्या शाळेत रग्बीचा चेंडू पहिल्यांदा आला तेव्हा शिपाईमामांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "सर, फसवलं तुम्हाले. हा तर पपईसारखा आहे." पोरांनी मात्र आठवड्याभरात चेंडूला आपलंसं केलं. कबड्डीत पकड करणाऱ्या पोराला टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, वेगळा शिकवावा लागत नाही. खांद्याच्या वर हात न्यायचा नाही, एवढंच बजावून सांगावं लागतं. जड गेलं ते चेंडू मागे फेकणं. पळायचं पुढं आणि चेंडू द्यायचा मागं, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडेना.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात क्रीडा शिक्षक आहे. गाव वर्धा नदीच्या काठावर. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला गेले; त्यांच्या कर्मभूमीत दारू विकली जाऊ नये म्हणून ही बंदी. त्यामुळं आमच्याकडं कुणी दारू पीत नाही. संध्याकाळी लोक "पलीकडून जाऊन येतात". ज्यांना पलीकडं जाणं होत नाही त्यांच्यासाठी पलीकडचं सगळं इकडं येतं. पोलीस पाटलापासून पाचवीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे.

जानेवारीत गावची यात्रा असते. रात्री खुले कबड्डी सामने होतात, आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं येतात. यंदा मी मुख्याध्यापकांच्या मागं लागून दिवसा उजेडी रग्बीचा एक प्रदर्शनीय सामना ठेवून घेतला. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेनं हा खेळ सुरू केला होता, त्यांचा संघ बोलावला. सेव्हन्स प्रकार, म्हणजे एका बाजूला सात खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. पंच मी. माईकवर आमचे मराठीचे सर, कारण माईक हातात घेतला की ते सोडत नाहीत आणि दुसऱ्याला द्यायचा तर भांडण होतं.

माझी चिंता खेळाची नव्हती. आमचा कबड्डीचा प्रेक्षक कसा बसतो, हे मला माहीत आहे. अगदी रेषेला गुडघे टेकवून. चढाईवाला बाहेर गेला तर तो कुणाच्या तरी मांडीवर पडतो, आणि मांडीवाला त्याला उचलून परत आत ढकलतो. त्यातले काही जण पलीकडून जाऊन आलेले असतात. कबड्डीत हे कसंबसं चालून जातं, कारण मैदान छोटं, माणूस दोन पावलं पळतो. रग्बीत पोरगं साठ-सत्तर मीटरवरून वेग घेऊन येतं आणि रेषेबाहेर फेकलं जातं. तिथं कुणी मांडी घालून बसलेला असला तर दोघांचीही हाडं मोडतील. म्हणून सकाळी फक्कीनं रेषा मारल्या आणि रेषेपासून पाच मीटर मागं चारी बाजूंनी नायलॉनचा दोर बांधून घेतला. दोन टोकांना बांबूचे एच आकाराचे खांब उभे केले.

मग सरपंचांकडं गेलो. माझी मागणी साधी होती. सामन्याआधी माईकवर सांगायचं की ज्यांनी दारू घेतली आहे त्यांनी दोराच्या जवळ बसू नये, मागं ओट्यावर बसावं.

सरपंच माझ्याकडं बघतच राहिले. "सर, आपल्या जिल्ह्यात दारू हाय का?"

"नाही."

"मंग पिणारा कुठून येईन? तुम्ही माईकवर असं बोलान, कोणी मोबाइलवर घेईन, उद्या पेपरात छापून येईन का गावात दारू हाय म्हणून. यात्रेची परवानगी कोणाच्या नावानं हाय? माह्या."

माणूस चुकीचं बोलत नव्हता, हीच तर अडचण. मी पंच शिबिरात ऐकलेलं त्यांना सांगून पाहिलं. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांत, मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिता येत नाही; १९८५ चा कायदाच आहे तसा. रग्बीला तो कायदा लागू नाही. दोन्ही संघांचे लोक तिथं एकमेकांत मिसळून बसतात, हातात बिअरचे ग्लास असतात. तिथल्या तक्रारीही वेगळ्या. ऐन खेळात माणसं सारखी उठून बिअर आणायला जातात, अख्ख्या रांगेला उभं राहावं लागतं, कुणाच्या अंगावर ग्लास सांडतो. वैतागलेल्या लोकांसाठी वेल्सच्या कार्डिफ इथल्या स्टेडियममध्ये २०१९ मध्ये दारूविना बसायचा वेगळा भागच केला. फ्रान्समध्ये तर १९९१ च्या कायद्यानं स्टेडियमात दारू विकायलाच मनाई.

"म्हणजे त्याहीच्याकडं ताप हायच," सरपंच म्हणाले.

ताप आहेच. पण ते लोक पितात हे त्यांना मान्य आहे, म्हणून कुठं बसून प्यायची, कुठं नाही, कधी उठायचं, यावर त्यांना बोलता येतं, भांडता येतं, नियम करता येतो. आमच्याकडं दारूच नाही, मग पिणाऱ्यानं कसं वागावं याचा नियम कुणी करायचा? पिणारा सगळ्यांसमोर झुलत उभा असतो आणि अख्खं गाव "त्याले झोप आली" म्हणून मोकळं होतं. मी दारूबंदीच्या विरोधात नाही. आमच्या बचत गटातल्या बायांनी या बंदीचा जोर लावून किती घरं सावरली, ते मी पाहिलंय. पण नाही म्हटलेल्या गोष्टीला दोर बांधता येत नाही, हा माझा त्या दिवसाचा खरा वैताग होता.

तोडगा मराठीच्या सरांनी काढला. ते माईकवर म्हणाले, "मायबाप रसिक हो, आज ज्या बांधवांची तब्येत थोडी बरी नसेल, त्यांनी कृपा करून दोराजवळ न थांबता मागच्या ओट्यावर विराजमान व्हावे." सगळं मैदान हसलं. कोण-कोण ते सगळ्यांना समजलं. चार-सहा जण निमूटपणे, हसत-हसत मागं गेलेसुद्धा. घोळ एवढाच झाला की पुढं खुर्चीत बसलेले एक दम्याचे आजोबा काठी टेकत उठले आणि विचारायला लागले, "मले पण जा लागते का रे मागं? तिकडं ऊन हाय." त्यांना परत बसवण्यात पाच मिनिटं गेली.

सामन्याआधी मी स्वतः माईक घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. ट्रायला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवला की, पाच गुण आणि त्यानंतर खांबांच्या मधून मारायच्या किकला, म्हणजे कन्व्हर्जनला, दोन. आणि दुसरं, किक घेताना पूर्ण शांतता. आयर्लंडमध्ये लिमरिक शहरात थॉमंड पार्क नावाचं मैदान आहे, तिथं विरुद्ध संघाचा पोरगा किक घ्यायला उभा राहिला तरी हजारो माणसं गप्प होतात. "ते गप्प बसू शकतात तर आपण काहून नाही?" असं मी विचारलं. गावाला आव्हान दिलेलं चालतं, उपदेश चालत नाही.

आणि खरोखर गप्प बसले. पाहुण्यांनी पहिला ट्राय केला. त्यांचा एक किडकिडीत पोरगा किकला उभा राहिला. सेव्हन्समध्ये कन्व्हर्जनचा चेंडू जमिनीवर टेकवून ठेवत नाहीत. हातातून सोडून टप्पा पडताच मारावा लागतो. त्यानं हात पुढं केले तशी मैदानात चिडीचूप झाली. भेळवाल्याचं ढवळणं थांबलं. तेवढ्यात ओट्यावरून एक भसाडा आवाज, "मार रे राज्या!" लगेच शंभर-दीडशे पोरांनी एकदम मागं वळून "शूऽऽऽ" केलं. इतकं जोरात की किकवाला दचकला आणि त्यानं मला विचारलं, "सर, थांबू का?" थांब म्हटलं. पुन्हा शांतता. चेंडू बांबूंच्या मधून सरळ गेला. सात-शून्य. आणि आमच्या गावानं टाळ्या वाजवल्या! पाहुण्या संघाला! कबड्डीत मी हे कधी पाहिलं नव्हतं.

ओट्यावरचा तो आवाज आमच्या डाव्या विंगच्या, म्हणजे डाव्या कडेनं पळणाऱ्या, पोराच्या काकाचा होता. चांगला माणूस. रोजमजुरी करतो, शाळेचं कुंपण त्यानंच बांधलं. पण त्या दिवशी तब्येत बरीच बिघडलेली.

दुसऱ्या डावात पाच-बारा असा आम्ही मागं होतो. आमचा विंगवाला चेंडू घेऊन डाव्या रेषेजवळून सुटला, आणि त्यांच्या धिप्पाड पोरानं त्याला कमरेला धरून आडवा केला. नियमात बसणारा, स्वच्छ टॅकल. पोरगं पडता पडता चेंडू मागं देऊन मोकळं झालं. तोवर काका दोराखालून वाकून आत. एका पायात चप्पल, दुसरी दोरात अडकलेली. "पाडते का बे माह्या पोराले! इकडं ये!" करत सरळ मैदानात. चेंडू आता आमच्या दुसऱ्या पोराकडं होता, समोर कुणीही नाही, ट्राय लाइन पंधरा पावलांवर. आणि मधोमध काका, हात पसरून. त्यांना चुकवायला पोरगं उजवीकडं वळलं, तेवढ्यात मागून पकडलं गेलं.

मी शिट्टी मारली. अशा वेळी खेळ थांबवून, चेंडू ज्यांच्याकडं होता त्यांना स्क्रम द्यायचा. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या पोरांनी वाकून, खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी एकमेकांना रेटायचं; सेव्हन्समध्ये त्याला तीन-तीन जण. हे मी सांगत होतो, पण ऐकायला होतं कोण? दोराजवळची आमची तरणी पोरं आत धावली होती, आणि ती पाहुण्यांवर नाही, काकावर धावली होती. काकानं गावाचा ट्राय घालवला होता! पिलेल्या एका माणसाची मला तेवढी भीती वाटत नाही. त्याला धडा शिकवायला निघालेल्या न पिलेल्या वीस जणांची वाटते. कुणी कॉलर धरली, कुणी ढकललं. पाहुण्यांची पोरं घाबरून एका जागी गोळा झाली. पोलीस पाटील होते, पण ते नेमके जिलेबीच्या दुकानाजवळ.

बायांच्या बाजूनं काकांची वहिनी आली. बचत गटाची अध्यक्ष. तिनं आरडाओरडा केला नाही. दोर वर उचलला, आत आली, कॉलर धरलेल्या पोराच्या हातावर चापट मारली आणि म्हणाली, "सोड. तुह्यावाला बाप काल कुठं पडला होता, सांगू का इथं?" कॉलर सुटली. मग दिराकडं वळून, "चला भाऊजी. चप्पल घ्या पहिले." काकांनी वाकून चप्पल सोडवायचा प्रयत्न केला, दोर तिच्या पट्ट्यात गुंतलेला, निघेना. शेवटी तिनंच ती काढून त्यांच्या हातात दिली. ते तिच्या मागोमाग गेले. पोरांना मी एकच सांगितलं, दोराबाहेर जा, नाहीतर सामना इथंच संपला आणि निकाल पाहुण्यांच्या बाजूनं. एका मिनिटात मैदान मोकळं.

स्क्रममधून आम्ही चेंडू जिंकला आणि त्याच विंगवाल्या पोरानं कोपऱ्यात ट्राय केला. दहा-बारा. कोपऱ्यातून किक अवघड असते, ती गेली नाही. पहिलीही गेली नव्हती. दोन्ही संघांचे दोन-दोन ट्राय. सामना पाहुण्यांच्या त्या एका किकवर गेला, जिच्यासाठी आमचं गाव श्वास रोखून बसलं होतं. सरपंच मला म्हणाले, "सर, तुमच्या शांततेनं हरवलं आपल्याले." ते हसत होते, पण पूर्ण हसत नव्हते.

पाहुण्यांचे क्रीडा शिक्षक साहजिकच नाराज होते. चहा घेताना मी त्यांना कार्डिफची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर २०२१, वेल्स विरुद्ध दक्षिण आफ्रिका. वेल्सला ट्रायची चांगली संधी आली होती, नेमका तेव्हाच एक प्रेक्षक मैदानात घुसला, गोंधळ झाला, संधी गेली आणि वेल्स १८-२३ नं हरलं. घरच्याच माणसानं घात केला. मग कलकत्ता कपची गोष्ट निघाली. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून ज्या कपासाठी खेळतात, तो आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले रुपये काढून, वितळवून तो बनवला. क्लबातली फुकटची दारू बंद केली आणि सभासद घटले, असंही सांगतात. आणि १९८८ मध्ये एडिंबराच्या रस्त्यावर खेळाडूंनीच नशेत तो कप लाथाडून चेपवला. हे ऐकून पाहुणे सर हसले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या गावी यायचं आमंत्रण देऊन गेले. त्यांचं गाव नदीपलीकडं, यवतमाळ जिल्ह्यात आहे, हे आमच्या बऱ्याच प्रेक्षकांनी लगेच लक्षात घेतलं.

सामना शालेय मुलांचा, म्हणून वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवावा लागतो. त्यात "खेळात व्यत्यय आला असल्यास कारण" असा रकाना होता. खरं कारण लिहायला मुख्याध्यापक तयार होईनात. त्यांनी मराठीच्या सरांना बोलावलं. सरांनी लिहून दिलं, "एका प्रेक्षकाची तब्येत अचानक बिघडल्याने खेळ काही काळ थांबवावा लागला." मी सही केली. पंधरा दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं: मैदानावर वैद्यकीय पथक उपलब्ध होते काय, नसल्यास का नव्हते, संबंधित रुग्णास कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखल करण्यात आले आणि त्याची सद्यःस्थिती काय, याबाबत तात्काळ खुलासा सादर करावा.

खुलासा अजून गेलेला नाही. मराठीचे सर तीन मसुदे करून बसलेत.