क्लॅम्पमधला खिळा

तुर्भ्याला आमचं बॅटरीचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं, आता काउंटरवर मी असते आणि फिटिंग आमचे काका बघतात. परवा एका ओळखीच्या दुकानदाराने फोन करून विचारलं, तुझ्याकडे क्लॅम्प, केबल, डिस्टिल वॉटर एवढं खपतं कसं गं, आमची पोरं गिऱ्हाइकाला सांगून सांगून थकली. फोनवर पाच मिनिटांत सांगून होईना म्हणून इथे लिहितेय. (क्लॅम्प म्हणजे गाडीची केबल बॅटरीच्या वरच्या खुंटाला, म्हणजे पोस्टला, आवळून धरणारा धातूचा चिमटा.)

सुरुवात एका खिळ्यापासून झाली. जुन्नरकडून एपीएमसीला भाजी आणणारा एक टेम्पोवाला आमच्याकडून बॅटरी घेऊन गेलेला, अडीच महिन्यांत तो परत दारात. "ताई, ही बदलून द्या, पहाटे तीनला मार्केटात गाडी सेल्फ घेत नाही, रोज रोज धक्का कोण मारणार?" बॅटरीला मीटर लावला तर 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. लोड टेस्ट केली, म्हणजे जोराचा करंट ओढून बॅटरी टिकते का ते बघितलं, तीही पास. वॉरंटीत बदलण्यासारखं काहीच नव्हतं आणि समोरचा माणूस खोटं बोलत नव्हता.

काका म्हणाले, चला गाडीपाशी. बघितलं तर पॉझिटिव्हच्या क्लॅम्पवर पांढरट-निळसर बुरा चढलेला, क्लॅम्पचं भोक झिजून सैल झालेलं आणि तो घट्ट बसावा म्हणून मध्ये चक्क खिळा ठोकलेला. काकांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या पोस्टवर धरली, दुसरी क्लॅम्पवर, आणि त्याला म्हणाले मार सेल्फ. आकडा आला दीड व्होल्ट. एकमेकांना घट्ट लागलेल्या दोन वस्तू, तिथे आकडा शून्याच्या आसपासच यायला पाहिजे. स्टार्टर त्या क्षणाला दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, सांध्यात 0.01 ओहम एवढासा जरी अडथळा असला तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट तिथल्या तिथे जातो, मग बॅटरी कितीही दमदार असू दे, स्टार्टरपर्यंत दम पोचतच नाही.

नवीन क्लॅम्प टाकला, पोस्ट घासून चकचकीत केला, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली, परत सेल्फ मारायला लावला. आकडा 0.05. तो माणूस मीटरकडे बघतच राहिला आणि मग म्हणाला, "हे बॅटरी दिली त्याच दिवशी का नाही सांगितलं ताई?"

हे मला फार लागलं. कारण क्लॅम्प त्या दिवशीही आमच्याकडे होते, काउंटरखालच्या खोक्यात. आम्ही नवी बॅटरी बसवली आणि जुना सडका क्लॅम्प तसाच आवळून दिला. अडीच महिने त्या माणसाने पहाटे अंधारात जे भोगलं ते आमच्या त्या दहा मिनिटांच्या घाईमुळे.

त्या दिवसापासून नियम केला, बॅटरी बसवली की गिऱ्हाइकाला शेजारी उभं करून हा मीटर लावायचाच. आकडा चांगला असेल तर "क्लॅम्प उत्तम आहे, बदलू नका" असं सांगायचं, आणि वाईट असेल तर तोंडाने काही बोलावंच लागत नाही. पूर्वी दहा बॅटऱ्यांमागे एखादा क्लॅम्प जायचा, आता तीन-चार जातात, आणि "बॅटरी खराब आहे" म्हणून परत येणारे लोक स्पष्ट कमी झालेत, मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

मध्ये एकदा चूकही केली, एका फिटर पोराला प्रत्येक क्लॅम्पमागे कमिशन देऊन बघितलं. महिनाभरात तो चांगले क्लॅम्पही बदलायला लागला. कमिशन बंद केलं, पगारच थोडा वाढवला. ज्या वस्तूची गरज नाही ती गळ्यात मारली की तो माणूस पुढची बॅटरी दुसरीकडून घेतो, सरळ हिशोब आहे. बॅटरीचा रेट तर हल्ली सगळे आधी फोनवर बघूनच येतात, 22 सप्टेंबर 2025 ला लेड-ॲसिड बॅटरीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला तेव्हा तर लोक स्क्रीनशॉट घेऊनच यायचे. बॅटरीत सुटतं थोडंच, दुकानाचं भाडं या छोट्या वस्तूंनी निघतं, म्हणून त्या इमानाने विकल्या पाहिजेत.

इन्व्हर्टरवाल्यांचं गणित वेगळं. तिथे खरा धंदा डिस्टिल वॉटरचा, कॅनमागे सुटतं काही नाही पण माणूस वर्षातून तीन-चार वेळा दुकानात येतो. लोक आरओचं पाणी टाकतात, एसीतून टपकलेलं टाकतात, एका काकूंनी तर उकळून गार केलेलं टाकलं होतं. काकू, उकळल्याने जंतू मरतात, क्षार तसेच राहतात, आणि क्षारच प्लेटा खातात! मी वहीत बॅटरी दिल्याची तारीख लिहून ठेवते आणि तीन महिन्यांनी व्हॉट्सॲप करते, फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती खूण) बघा, खाली गेला असेल तर बॅटरी चार्ज झाल्यावर वरच्या खुणेपर्यंतच पाणी भरा, त्याच्या वर नको, ॲसिड तर अजिबात नको. या एका मेसेजवर बॅटरी ठेवायच्या चाकांच्या ट्रॉलीसुद्धा विकल्या गेल्यात, कारण पाणी भरायला माणूस वाकतो तेव्हा त्याला कळतं की जमिनीवर कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी एकट्याने हलत नाही.

जंपर केबल, म्हणजे एका गाडीच्या बॅटरीवर दुसरी बंद पडलेली गाडी सुरू करायची केबल, मात्र मी बघूनच घेते. बाजारात जाड दिसणाऱ्या केबल येतात, सोलून बघितलं तर जाडी सगळी रबराची, आत तांबं चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या चार तारा. एकदा आमच्यासमोर अशी केबल गरम होऊन वास यायला लागला होता, तेव्हापासून ती ठेवतच नाही, गिऱ्हाईक "पलीकडे निम्म्यात मिळते" म्हणालं तरी. आणि केबल देताना लावून दाखवते, आधी लाल बंद गाडीच्या पॉझिटिव्हला, मग लाल चालू गाडीच्या पॉझिटिव्हला, मग काळा चालू गाडीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या मोकळ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडतेच.

खोकं आता काउंटरखाली नाही. काचेच्या वर एक फळी ठोकलीय, तिच्यावर नवा पितळी क्लॅम्प आहे आणि शेजारी तो जुना, खिळ्यासकट. टेम्पोवाला आला की अजून त्याच्याकडे बघतो. गेल्या आठवड्यात ओतूरच्या दुसऱ्या एका गाडीवाल्याला घेऊन आला, बॅटरी घ्यायला नाही, म्हणाला, "ताई, याला फक्त मीटर लावून द्या." काका पाना घेऊन उठले.