सावलीचा बाक: आता १८० सेंटिमीटरपर्यंत

एक्स-रेत वस्तू किती मोठी दिसते ते दिवा आणि सावली वापरून दाखवणारा हा माझा बाक. मागच्या नोंदीपर्यंत दिवा आणि पडदा यांच्यात १०० सेंटिमीटरच अंतर ठेवता येत होतं. आता पट्टी जोडून ते १८० पर्यंत नेलंय. म्हणजे खाटेवरच्या पोर्टेबल एक्स-रेचं साधारण अंतर आणि उभं करून काढलेल्या छातीच्या एक्स-रेचं अंतर, दोन्ही एकाच बाकावर मिळतात. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: इथे एक्स-रे वगैरे काही नाहीत. एलईडीवर काळा कागद, त्याला बारीक भोक, समोर आलेख कागद लावलेला पडदा. एक्स-रे सोडणाऱ्या ट्यूबमधले किरणही एका छोट्या ठिपक्यातून निघून सरळ रेषेत पसरतात, त्यामुळे सावलीची भूमिती तीच.

सूत्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ट्यूबपासून डिटेक्टरपर्यंतच्या (म्हणजे चित्र टिपणाऱ्या पाटीपर्यंतच्या, आपल्या बाकावर पडदा) अंतराला ट्यूबपासून वस्तूपर्यंतच्या अंतराने भागायचं, की किती पट मोठं दिसणार ते कळतं. पण हे कुठे अंगाशी येऊ शकतं, ते बटन सेल लावल्यावर नीट दिसलं.

सीआर२०३२ सेलचा व्यास २० मिमी. तो पडद्यापासून १० सेंमी पुढे धरला, दिवा १०० सेंमीवर. आलेख कागदावर सावली २२ च्या रेघेला किंचित ओलांडून गेली, गणिताने २२.२ येतात. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं जवळपास २२ मिमीचं आहे! म्हणजे पोराने काय गिळलं ते माहीत नसताना पडद्यावर माप काढून कोणी म्हणालं, ‘२२ मिमी, रुपयाच असणार’, तर तो सेलही असू शकतो. आणि अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत गंभीर भाजणी करू शकतो. म्हणून मापावर न जाता सेलच्या कडेचं दुहेरी वर्तुळ आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत दिसणारी पायरी बघतात. संगणकावरची मोजपट्टी बहुतेक वेळा डिटेक्टरच्या पातळीवरचे मिलिमीटर सांगते. वस्तू शरीरात किती आत आहे हे तिला कसं कळणार? माझ्या मते मापाखाली ‘डिटेक्टरच्या पातळीवर’ एवढे शब्द प्रत्येक व्ह्यूअरने (एक्स-रे बघायच्या सॉफ्टवेअरने) दाखवायलाच हवेत.

मग हृदय. १४.५ सेंमी रुंदीचा पुठ्ठा म्हणजे हृदय, ३० सेंमी अंतरावर उभ्या केलेल्या दोन काड्या म्हणजे छातीच्या कडा. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं. पीएमध्ये (किरण पाठीकडून पुढे) छाती डिटेक्टरला टेकलेली असते, म्हणून पुठ्ठा पडद्यापासून ८ सेंमीवर ठेवला. एपीमध्ये (किरण पुढून पाठीकडे) पाठ टेकलेली, म्हणून १६ सेंमीवर. काड्या दोन्ही वेळा १२ वर. हृदयाची रुंदी भागिले छातीची रुंदी, हे खरं गुणोत्तर ०.४८.

१८० सेंमीवर पीए: हृदय १५.२, छाती ३२.१, गुणोत्तर ०.४७. १०० सेंमीवर एपी: हृदय १७.३, छाती ३४.१, गुणोत्तर ०.५१.

पुठ्ठा तोच, आणि एकदा ०.५ च्या आत, एकदा बाहेर. मोठ्या माणसांत ०.५ च्या वर गेलं की हृदय वाढलंय म्हणायचं, ही रूढ मर्यादा पीएसाठी आहे. खाटेवरच्या एक्स-रेत त्यात आडवं झोपणं आणि अर्धवट श्वास यांचीही भर पडते. ते बाकावर दाखवता येत नाही, सोडून देतो.

काळा कागद काढून ५ मिमीचा उघडा एलईडी लावला तर आणखी एक गोष्ट दिसते. एपीच्या मांडणीत पुठ्ठ्याच्या कडेला जवळजवळ १ मिमीची करडी झालर येते, पीएमध्ये ती पाव मिमीच्याही आत. खऱ्या ट्यूबचा ठिपका साधारण ०.६ किंवा १.२ मिमीचा असल्याने झालर बरीच बारीक असते, पण जी वस्तू जास्त मोठी होते तीच जास्त पुसटही होते, हे नातं कायम. छातीच्या डाव्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत उजव्या बरगड्या ओळखायची एक युक्ती यातूनच येते. डावी बाजू टेकलेली, उजव्या बरगड्या ३० सेंमी लांब धरल्या तर त्या १.२ पट रुंद दिसतात. दोन बरगड्यांत जी जाड आणि पुसट ती उजवी. एकदा डोळ्याला सवय लागली की ही खूण सारखी दिसायला लागते, आणि मला तरी त्याचा फार आनंद होतो.

आता खुब्याचं काम हातात घेतलंय. सांधा बदलण्याआधी माप घेताना २५ मिमीचा धातूचा गोळा सोबत ठेवतात आणि तो किती पट मोठा दिसतो त्यावरून हाडाचं खरं माप काढतात. तो खुब्याच्या हाडाच्या उंचीवर हवा. ट्यूब ११५ सेंमीवर, सांधा डिटेक्टरपासून १७ वर धरला तर मांडीच्या हाडाचं ५० मिमीचं गोल डोकं ५८.७ दिसतं. गोळा त्याच उंचीवर असेल तर हिशेब बरोबर ५० वर येतो. गोळा खाली टेबलावर, डिटेक्टरपासून ५ सेंमीवर राहिला, तर उत्तर ५६ मिमी येतं. एका गोळ्याच्या जागेने सहा मिलिमीटर! लाकडी गोळ्यावर हे करून बघणार आहे. उंची हळूहळू बदलता येईल असा साधा स्टँड कोणी बनवला असेल तर कसा बनवला ते जरूर लिहा.