पाच फूट तीन

जर्सी कपाटातून काढली तेव्हा तिला डांबरगोळीचा वास येत होता. बायको म्हणाली, "हे घालून जाणार? पोट दिसतंय." दिसत होतं. पण त्या दिवशी दुसरं काही घालणं शक्यच नव्हतं. हिरव्या-निळ्याच्या मधला तो रंग, उभ्या बारीक रेघा, छातीवर १ नंबर, पाठीवर बोग्ज. शार्लट हॉर्नेट्स या अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघाची जुन्या काळातली जर्सी. मुलगाही १ नंबरच घालून तयार होता, पण त्याच्या पाठीवर बॉल. लामेलो बॉल, उंची साडेसहा फुटांच्या वर. संघ तोच, नंबर तोच, आणि बापलेकांच्या हिरोंच्या उंचीत सव्वा फुटाहून जास्त फरक.

मुलाला मग्सी बोग्ज म्हणजे 'बाबांचा तो छोटा प्लेअर'. खरं नाव टायरोन, गाव बाल्टिमोर, उंची पाच फूट तीन इंच. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासात त्याच्याहून बुटका कुणी झाला नाही. माझीही उंची पाच-तीन. निदान ड्रायव्हिंग लायसन्सवर तरी.

मी नागपूरचा. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या वस्तीत सिमेंटचं एक ग्राउंड होतं, दोन रिंगा, त्यातल्या एकीला जाळी नाही. उन्हाळ्यात साडेपाचला जायचं, कारण आठ वाजले की सिमेंटवर बसलं तरी चटका. तिथे मी तीन वर्षं खेळलो आणि नववीत शाळेच्या संघातून वगळला गेलो. सरांनी यादी वाचली, माझं नाव नव्हतं. घरी सांगितलं, उंचीमुळे काढलं. आईने विश्वास ठेवला, दुधाचा ग्लास मोठा केला, आणि वडिलांनी मागच्या दाराच्या चौकटीत लोखंडी गज बसवून दिला. रोज सकाळी लटकायचं. हात लांब झाले असतील, बाकी काही झालं नाही.

त्याच आठवड्यात एक मित्र मासिकातलं कापलेलं पान घेऊन आला. "हे पाह्य बे, तुह्या मापाचा माणूस." फोटोत मग्सीच्या बाजूला मनूट बोल उभा. सात फूट सात इंच. १९८७-८८ च्या हंगामात दोघं वॉशिंग्टनच्या एकाच संघात होते. एका संघात सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका, मधे अठ्ठावीस इंच. मला वाटलं कुणीतरी गंमत म्हणून शाळकरी पोराला शेजारी उभं केलंय. मग त्या पोराची दंडं पाहिली.

पुढे मित्राच्या घरी केबल आली आणि मग्सीला खेळताना पाहिलं. लोकांना वाटतं की तो उंचीच्या जोरावर नाही तर 'जिद्दीच्या जोरावर' खेळला. मला हे वाक्य ऐकलं की चीड येते. तो उंचीच्याच जोरावर खेळला. उंच माणसाचा चेंडू हातातून जमिनीवर जातो आणि परत हातात येतो, तो प्रवास लांबचा असतो. मग्सीचा हात त्या प्रवासाच्या मधोमध असायचा. चेंडू जमिनीवरून उठला की वर पोचायच्या आत गायब. त्याचा स्वतःचा ड्रिबल इतका खाली की वाकल्याशिवाय त्याला हात लावता यायचा नाही, आणि सात फुटी माणूस वाकेपर्यंत हा पुढे निघून गेलेला. हॉर्नेट्ससाठी त्याने ५,५५७ असिस्ट (साथीदाराच्या बास्केटसाठी दिलेले पास) आणि १,०६७ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू) केले, आणि दोन्ही आकडे या संघात अजूनही सर्वांत वर आहेत. एप्रिल १९९३ मध्ये त्याने सात फुटी पॅट्रिक युइंगला ब्लॉक केलं, म्हणजे बास्केटकडे जाणारा त्याचा चेंडू अडवला. खरं सांगायचं तर युइंग चेंडू वर नेत असताना याने तो खालीच काढून घेतला, पण नोंदीत ब्लॉक आहे आणि मी नोंद मानतो.

नोकरी मला शार्लटला घेऊन आली २००९ मध्ये. बँकेचं सॉफ्टवेअर, दुसरं काय. एवढ्या मोठ्या देशात नेमकं हेच गाव मिळालं म्हणून मी खूश, आणि इथे आल्यावर कळलं की हॉर्नेट्स २००२ मध्येच न्यू ऑर्लिन्सला निघून गेलेत. इथे बॉबकॅट्स नावाचा नवा संघ होता. म्हणजे पंढरपूरला पोचावं आणि विठोबा दुसऱ्या गावी राहायला गेलेला असावा. पहिल्याच रविवारी टिवोला रोडला गेलो. तिथे जुनं कोलिझियम होतं, जिथे मग्सी खेळायचा, तेवीस हजारांच्या वर माणूस बसायचा. २००७ मध्येच सुरुंग लावून पाडलेलं. जागा बघून परत आलो. २०१४ मध्ये हॉर्नेट्स हे नाव शार्लटला परत मिळालं तेव्हा मी ही जर्सी घेतली. किंमत बायकोला अजून माहीत नाही.

तर गेल्या हंगामातला एक सामना. गाडी आय-४८५ च्या स्टेशनला लावून ट्रेनने गेलो, आमची तिकिटं अगदी वरची, स्वस्तातली. आत शिरल्यावर एका कोपऱ्यात रांग दिसली. मुलगा म्हणाला, पॉपकॉर्नची असेल. रांगेच्या टोकाला कोण आहे ते दिसेना, कारण जो होता तो समोरच्या माणसाच्या पाठीआड पूर्ण झाकला जात होता. तेवढ्यावरून मी ओळखलं.

रांगेत पस्तीस-चाळीस माणसं. मी मनात वाक्य जुळवायला लागलो. तीस वर्षं हे वाक्य माझ्याजवळ होतं: भारतात नागपूर नावाचं शहर आहे, तिथे दाराच्या चौकटीला लटकणारा एक मुलगा होता, वगैरे. चांगलं इंग्रजी, मधे थोडा विनोदही. पाळी आली. त्याने हात पुढे केला. तळवा केवढा रुंद! आणि मी वर बघितलं नाही. म्हणजे बघावं लागलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका बास्केटबॉलपटूचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते. डोक्यावर टक्कल, चेहऱ्यावर हसू. तीस वर्षांचं वाक्य कुठे गेलं देव जाणे. तोंडातून निघालं, "आय ऑल्सो फाइव्ह थ्री." 'ॲम'सुद्धा नाही.

तो खळखळून हसला. मग बाजूला येऊन खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि आपल्या डोक्यावर तळवा आडवा ठेवून सरळ माझ्या डोक्याकडे नेला. तळवा माझ्या केसांना न लागता वरून गेला.

मुलाने पाहिलं. मुलं नेमकं हेच पाहतात. "बाबा, यू आर नॉट फाइव्ह थ्री."

फोटो झाला, सही झाली, पुढच्याला जागा दिली. मिनिटभराचा कारभार. सामना कसा झाला ते विचारू नका. मी वरच्या खुर्चीत बसून दुसराच विचार करत होतो. पाच फूट अडीच, ठीक आहे, ते मला माहीतच होतं. पण त्या माणसाशेजारी मिनिटभर उभं राहिल्यावर आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी होती. सरांनी मला उंचीमुळे काढलंच नव्हतं. मला डाव्या हाताने ड्रिबल येत नव्हता. डावीकडे अडवलं की माझा चेंडू गेलाच. सरांनी ते सगळ्यांसमोर सांगितलंही होतं, रोज अर्धा तास नुसता डावा हात कर म्हणून. मी पंधरा दिवससुद्धा केलं नाही. लटकणं सोपं होतं.

ट्रेनमध्ये मुलाला हे सांगितलं. तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला, "ओके." तो बारा वर्षांचा आहे आणि माझ्याहून तीन इंच उंच.

रात्री फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. नागपुरात सकाळ झालेली. पहिलं उत्तर मासिकाचं पान आणणाऱ्याचं: "यातला मग्सी कोणता बे?" मग हसणारे चेहरे, अंगठे, एकाने चुकून लग्नाची पत्रिका. दुपारी सरांचा मेसेज आला. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, ग्रुपवर फक्त सणाला लिहितात.

"छान. डावा हात आला का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.