रानकुत्र्यांचा माहितीपट, नोंद पाचवी : शिट्टीपाशी अडलेले काम

नागझिऱ्यात दोन हिवाळ्यांत मिळून टिपलेल्या अकरा तासांच्या चित्रणातून माहितीपटाचा पहिला कच्चा कट या आठवड्यात तयार झाला असून त्याची लांबी चौदा मिनिटे भरली आहे. दृश्यांबाबत मी बऱ्यापैकी समाधानी आहे. ध्वनीबाबत मुळीच नाही.

शिकारीच्या धावपळीत झुडपांआड पांगलेला रानकुत्र्यांचा, म्हणजेच कोळसुंद्यांचा, कळप पुन्हा एकत्र येतो तो शिट्टीसारख्या आवाजावर, आणि सगळी मांडणी मी याच आवाजाभोवती केली आहे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी कळपाने चितळ पाडल्यानंतर एक मादी, तोंड रक्ताने माखलेले असतानाच, रस्त्यावर आली, मागे वळून थांबली आणि तिने तीनदा शिट्टी घातली. चित्र इतके स्वच्छ आहे की तिच्या मिशांवरचे थेंबही दिसतात. मात्र कॅमेऱ्यावरच्या माइकने टिपले ते आमच्याच जिप्सीचे इंजिन. ते बंद करण्यास चालकाला आधीच सांगायला हवे होते, ही चूक सर्वस्वी माझी. खालच्या पट्टीतले आवाज गाळणाऱ्या लो-कट फिल्टरने घरघर गेली, परंतु इंजिनाची टिकटिक शिट्टीच्याच पट्टीत असल्यामुळे ती पुसताना शिट्टीचे शेपूट कापले जाते. दुसरीकडची स्वच्छ शिट्टी आणून चिकटवण्याचा सल्ला मिळाला होता. तो मी मानलेला नाही.

निवेदनातून ‘क्रूर’ हा शब्द काढून टाकला. भक्ष्य जिवंत असतानाच कळप खाऊ लागतो, हे खरे. पण याच शब्दाच्या आधारे ब्रिटिश काळात या प्राण्याला उपद्रवी ठरवून त्याला मारण्यासाठी बक्षिसे दिली जात होती. त्याच कळपात शिकारीवर पिल्लांना आधी खाऊ देतात, हे सांगायला मी दहा सेकंद अधिक घेतले आहेत. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५ च्या मूल्यांकनानुसार जगभरात प्रौढ रानकुत्रे ९४९ ते २,२१५ इतकेच उरले आहेत. हा आकडा निवेदनात न घेता पडद्यावर केवळ अक्षरांत येईल.

पुढच्या हंगामासाठी वेगळा रेकॉर्डर घेतला असून तो केसाळ वातरोधक आवरणासह जिप्सीच्या दांडीला बांधणार आहे. पिल्लांच्या बिळाजवळ जाण्याचा मोह मात्र टाळायचा आहे, कारण त्रास झाल्यास कळप पिल्ले दुसरीकडे हलवतो. तोपर्यंत कटमधली त्या शिट्टीची तीन सेकंदे टिकटिकीसकट तशीच राहतील.